कोरडा स्लॅब

जळगावच्या कॉलेजात तीन वर्षं काँक्रीट वहीत शिकलो होतो. इंटर्नशिपला धुळ्यातली साइट मिळाली तेव्हा आपण जवळजवळ इंजिनीअर झालोच, असा माझा समज होता. माझं पांढरं हेल्मेट तेवढं नवं होतं.

मे महिना. तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकून तीनच दिवस झाले होते. त्यावर सिमेंट-वाळूच्या मालाचे बोटभर उंच बांध घालून शेतातल्यासारखे वाफे केले होते आणि काँक्रीट न तडकता पक्कं व्हावं म्हणून त्यांत पाणी भरून ठेवलं होतं. हे पाणी राखायचं काम पिंपळनेरकडच्या एका अक्कांचं. पाणी मारणाऱ्याला टाकीजवळ पत्र्याची खोली मिळायची, तीत त्या आणि त्यांची बाळंत झालेली लेक राहत होत्या. गावात पावसापर्यंत काम नव्हतं. काम गेलं तर खोलीही जाणार होती. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढता वाढता.

सुपरवायझरांनी मला भिंतींच्या रेषा आखायला सांगितल्या होत्या, पण पुढच्या आठवड्यात, पाणी काढल्यावर. मला कुठला धीर. मोठ्या सरांची त्या दिवशी फेरी होती आणि त्यांच्यासमोर मला चमकायचं होतं. निळीत बुडवलेल्या दोरीची रेषा पाण्यात उमटेना, म्हणून मी थापीनं एका बाजूचे बांध फोडायला घेतले. स्लॅबवर चालता येतंय म्हणजे तो झाला, एवढी माझी अक्कल.

अक्का पाइप टाकून धावत आल्या. "भाऊ, बांध नका फोडू. टँकर सांजलेच येस."

"मला कळतं अक्का. तुम्ही जा खाली," मी म्हणालो. त्या गेल्या. पाणी निचऱ्याच्या पाइपातून खाली वाहून गेलं. सगळं सुकेपर्यंत मी चहा पिऊन यावं म्हणून उतरलो आणि टपरीवर गप्पांत रमलो.

वर आलो तेव्हा सर पोचले होते. साडेअकराचं ऊन. अर्धा स्लॅब भाजून पांढरा पडला होता आणि त्यावर केसासारख्या बारीक भेगा दिसत होत्या. सरांनी अक्कांना वर बोलावून घेतलं होतं.

"बांध फुटले तरी लक्ष नाही? उद्यापासून येऊ नका. खोली आजच रिकामी करा."

"सायेब, मी सकायमा बठ्ठा वाफा भरेल व्हतात," अक्का म्हणाल्या. "भाऊले इचारा."

सर माझ्याकडे वळले. माझी इंटर्नशिपची डायरी त्यांच्याच हातात होती, शेवटच्या सहीसाठी. मी म्हणालो, "मी खाली होतो, सर."

आजही तो आवाज मला माझा वाटत नाही, पण होता माझाच.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या सरांकडे वळून म्हणाल्या, "हा सायेब. भाऊ खालेच व्हतात. मीच भुली गऊ."

सरांनी विचारलं, "असंच झालं ना?" मी मान डोलावली.

सही मिळाली. शेरा 'उत्तम' असा होता. संध्याकाळी निघताना पत्र्याच्या खोलीसमोर लेक बाळाला मांडीवर घेऊन बसली होती आणि अक्का गोणीत भांडी भरत होत्या. पुढच्या फाटकाची वाट तिथूनच होती. मी मागच्या कुंपणावरून उडी मारून गेलो.