एक जूनची माणसं

संजना पगारे शरणपूर रोडला झेरॉक्सच्या दुकानामागं नेटकॅफे चालवायची. शिक्षण बारावी, बाकी सगळं संगणक उघडून, बिघडवून शिकलेली. सकाळी सातलाच मस्कतला फोन लावायला आलेल्या बाईला दटावायची, "मावशी, तिकडं अजून पहाट आहे, पोराला झोपू द्या!"

२००८च्या जूनची पाच तारीख. हरसूलच्या रोशनीला घेऊन मी तिच्याकडं गेलो. एका संस्थेत आरोग्यसेविकेची जागा होती. अर्ज फक्त वेबसाइटवर, आणि तोच शेवटचा दिवस. अट अशी, की जन्म १ जून १९८३ किंवा त्यानंतरचा हवा. रोशनी बरोब्बर त्याच एक जूनची. आमच्याकडं निम्मा गाव एक जूनचा. शाळेत नाव घालताना मास्तर तारीख विचारत नाहीत, लावतात.

संजनानं अर्ज भरला. साइट म्हणाली, जन्म ३१ मे, वय जास्त, अर्ज बाद.

"एक दिवस मागं जातोय ना? मग दोन जून टाक," मी म्हणालो.

"आणि उद्या त्यांनी साइट दुरुस्त केली की? दाखल्यावर एक, अर्जात दोन. लबाड ठरेल ती रोशनी. दादा, तुम्ही मोर्चे काढा, फॉर्म मी भरते."

असलं मी कुणाचं ऐकून घेत नाही. तिचं घेतलं.

तिनं नकाराचा कागद छापला. त्यावर वेळ पहाटे पाच चाळीस. भिंतीवरच्या घड्याळात अकरा दहा. ती गालात हसली. "यांचं घड्याळ ग्रीनिचचं, साडेपाच तास मागं. जन्मतारखेला साइट रात्रीचे बारा जोडते, आणि आपले एक जून लागतानाचे बारा म्हणजे तिकडं एकतीस मेची संध्याकाळ. चला, उठा."

संस्थेचे साहेब म्हणाले, "कॉम्प्युटर चुकत नसतो."

"मग तुमचीच जन्मतारीख टाकून बघा की, साहेब," संजना म्हणाली.

त्यांनी ऐटीत टाकली. १ जून १९५०. साहेबही मास्तरांचेच! पडद्यावर ३१ मे.

"तुमच्यात रिटायर कधी करतात हो?"

"अठ्ठावन्न भरले की त्या महिन्याच्या शेवटी. माझे अजून पंचवीस दिवस..." साहेब थबकले.

"म्हणजे साइटच्या मते तुम्ही शनिवारीच घरी गेलात. मग या खुर्चीत कोण बसलंय?"

रोशनी फिस्सकन हसली.

साहेबांनी साइट बनवणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, सगळ्यांचा एक दिवस वाढवून टाकतो. संजनानं फोन हिसकावला. "वाढवू नको रे बाबा! जन्मतारखेला घड्याळ बांधायचंच कशाला? तारीख तारखेसारखी ठेव. वेळ लागते पावतीला. ती ग्रीनिचची साठव, पण दाखव आमची."

चार वाजता रोशनीचा अर्ज गेला. पावतीवर जन्म १ जून, वेळही चारचीच. आम्ही उठलो, तसे साहेब हळूच म्हणाले, "पोरी, माझीही परत एकदा टाकून बघ ना."