गोठ्यातल्या बाळाचं झबलं

देवाला मानतोस का, असं त्या काळी मला कुणी विचारलं असतं तर मी मान वर न करता म्हटलं असतं, "मानतो हो, पण आधी नाताळ उलटू दे." आमच्या धंद्यात सगळंच नाताळ उलटल्यावर व्हायचं. बेंगळुरात दंडू भागात, म्हणजे कॅन्टोन्मेंटात, चर्चपासून हाकेच्या अंतरावर माझं शिंप्याचं दुकान होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, बाहेर कानडी, आणि गिऱ्हाइकाशी त्याला येईल ती भाषा. सन पन्नास-साठच्या मधला तो काळ. डिसेंबर लागला की रेल्वेतले साहेब, शाळेतल्या मिस, बेकरीवाले, सगळ्यांना नवे कपडे हवे असत आणि मला नाही म्हणता येत नसे. खरं सांगायचं तर म्हणायचंच नसे. "मास्तरांचा हात मशीनसारखा चालतो," असं कुणी म्हटलं की मी फुशारून जाई. दुकानात आजोबांच्या वेळची दत्ताची तसबीर होती, तिला उदबत्ती दाखवायचो तीही एका हाताने; दुसऱ्या हातात इस्त्री.

त्या वर्षी माझी बायको बाळंतपणाला माहेरी, होसकोट्याला गेली होती. आधीची आमची दोन बाळं हाती लागली नव्हती. दोन्ही वेळा मी दुकानात होतो आणि निरोप आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. म्हणून या खेपेला सासूबाईंनी मला बजावलं होतं. ज्यांची मुलं जगत नाहीत त्यांनी बाळाला पहिलं झबलं नव्या कापडाचं घालायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. बापाने परक्याच्या दारी जाऊन जुनं कापड मागून आणायचं आणि त्याचं शिवायचं. मला हसूही यायचं आणि रागही. दिवसभर सुटाबुटाच्या कापडात वावरणाऱ्या शिंप्याने दारोदार चिंध्या मागायच्या! मी काही मागितलं नाही. बायकोचे निरोप आले, "मला भीती वाटते, एकदा येऊन जा." दिवस भरायला अजून अवकाश आहे, नाताळ उलटला की आलोच, असं मी कळवून टाकलं.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती तेव्हा, एक म्हातारी दुकानात आली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, पाय अनवाणी. तिच्या गळ्यात क्रूस होता की नाही, हे मला आठवत नाही, आणि याचंच मला अजून नवल वाटतं. गिऱ्हाइकाच्या गळ्याचं माप मी नुसत्या नजरेने सांगणारा माणूस! आमच्यासारख्याच कानडी मिसळलेल्या मराठीत ती म्हणाली, "अण्णा, स्वल्प काम आहे. गोठ्यातल्या बाळाला झबलं पाहिजे." नाताळात चर्चमध्ये गोठ्याचा देखावा मांडतात आणि गवतावर बाळ येशूची मूर्ती ठेवतात, ते मला ठाऊक होतं. तिने काखेतून एक पांढरं, जुनं कापड काढून पुढे केलं.

"अक्का, वेळ नाही गं," मी म्हणालो.

"मग या सगळ्यांना देतोयस तो काय?" तिने टांगलेल्या कोटांकडे बघून विचारलं. टोमणा नव्हता त्यात. लहान मूल विचारतं तसं, खरंच कळून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं. तिने कापड माझ्या पुढ्यात ठेवलं. "मशीनवर नको हं," ती म्हणाली, "हाताने शीव. मशीनची टीप बाळाला टोचते. सरी, बरं तर, मी येते." आणि ती चर्चच्या बाजूला चालती झाली.

मी का बसलो कोण जाणे, पण बसलो. माप काय घ्यायचं हेच आधी कळेना. ढेरपोट्या साहेबांचे कोट मी डोळे मिटून बेतायचो, पण बाळ केवढं असतं? मी कधी हातात घेतलंच नव्हतं. शेवटी कोपरापासून मनगटापर्यंत माझाच हात धरला आणि बेतलं. शिवण बाहेरच्या अंगाला घेतली, बटणांऐवजी बंद लावले. धुऊन धुऊन मऊ पडलेलं कापड होतं, सुई आपोआप जात होती. एरवी त्या दिवशी घडोघडी गिऱ्हाईक आत डोकावायचं, पण झबलं पुरं होईपर्यंत उंबऱ्याशी कुणी फिरकलं नाही. गल्ली तर माणसांनी भरलेली दिसत होती. हे कसं, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. बंद लावता लावता माझ्या डोळ्यांना धार लागली. माझी दोन लेकरं आली आणि गेली, आणि ती माझ्या हातात केवढी दिसली असती तेही मला माहीत नव्हतं.

म्हातारी काही परत आली नाही. मीच झबलं घेऊन चर्चमध्ये गेलो. रखवालदार ओळखीचा होता. तो गोठ्यापाशी घेऊन गेला आणि हसायलाच लागला. "मास्तर, याला कपडे कसे घालणार तुम्ही?" बाळ प्लास्टरचं, गवताच्या गादीसकट एकाच साच्यातलं. अंगावरचं वस्त्रही घडवून रंगवलेलं, हात छातीला चिकटलेले. अशी कुणी म्हातारी त्याने पाहिलेली नव्हती; आतल्या बायकांनाही विचारलं, त्यांनीही माना हलवल्या. मी वेड्यासारखा झबलं धरून उभा राहिलो. परक्याच्या हातचं जुनं कापड. मी मागायला गेलो नव्हतो, ते माझ्या दारी आलं होतं. मी तसाच मागे फिरलो. दुकानात येऊन तयार कपडे शेजारच्या पानवाल्याकडे ठेवले, अर्धवट कोट तसेच टांगून कुलूप लावलं आणि होसकोट्याची बस धरली.

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई अंगणातच होत्या, मला बघून त्यांनी हंबरडाच फोडला. दुपारपासून कळा सुरू होत्या. बाळ आडवं आलं होतं आणि सुईणीने हात टेकले होते. घरात पुरुषमाणूस नाही, सासरे कधीच वारलेले. कुणाला पाठवायचं आणि कुठे न्यायचं, या दोघींना काही सुचत नव्हतं. तेवढ्यात आतून क्षीण आवाज आला, "अहो, आलात का?" सासूबाई म्हणाल्या, "दार वाजलं की हेच विचारते. दुपारपासून हेच." मी ओरडलो, "आलो गं, आलो!" धावत जाऊन बसस्टँडवरून टॅक्सी आणली, तिला उचलून घातलं आणि मिशनच्या दवाखान्यात नेलं. पहाटे, नाताळच्या घंटा वाजत असताना, मुलगी झाली. चांगली कडकडून रडली. अजून थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. झबलं तिला अगदी मापात बसलं. सासूबाईंनी विचारलं, "किती घरी मागितलंत?" मी वाकून झबल्याचे बंद नीट बांधले.

इकडे गिऱ्हाइकांनी शिव्या घातल्याच. पण ज्यांच्या कोटासाठी मी जिवाचं रान करत होतो ते रेल्वेतले साहेब हसत म्हणाले, "मागच्याच वर्षीचा घालून गेलो मास्तर, कुणाच्या लक्षातही आलं नाही." त्या वाक्याने मला जितकं शिकवलं तितकं कुणी शिकवलं नसेल. पुढे कित्येक दिवस मी त्या म्हातारीचा शोध घेतला. चर्चमध्ये, बाजारात, आमच्या लोकांच्या घरांत विचारत फिरलो. ती मेरीमाता असेल, असं रखवालदार म्हणतो. सासूबाई म्हणतात, दत्तमहाराज कुठल्याही रूपात येतात. मला माहीत नाही. माझं कुतूहल मिटलेलं नाही आणि मिटावं असंही आता वाटत नाही. ज्याने तिला धाडलं त्याच्या पायांशी डोकं ठेवतो आणि गप्प बसतो. हातातलं काम त्याचं, वेळही त्याचाच. तो म्हणेल तेव्हा सुई खाली ठेवावी, एवढं मला कळलं. बाकी ती कोण होती हे तोच जाणे. त्या संध्याकाळी माझ्या बायकोने हाक मारली, आणि ओ द्यायला मी तिथे होतो.