निखिलचं केळवण

मी एकदा माझ्या बायकोच्या नावावर खोटं बोललो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तिलाही नाही. ज्यांच्याशी बोललो त्या आमच्या आत्या. शारजात, अल नहदाच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या. तशा त्या आमच्यापैकी कुणाच्याच आत्या नव्हत्या. पण कुणाचंही लग्न ठरलं की केळवण त्यांच्याकडे, हे ठरलेलं. मुलगा साताऱ्याचा असो नाहीतर केरळचा, त्याच्या ताटाभोवती रांगोळी निघायची आणि उठवत नाही इतकं वाढलं जायचं.

त्यांचे यजमान, आमचे काका, हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपर होते. मंदीत त्यांचा पगार निम्मा झाला आणि आत्यांनी डबे सुरू केले. मी एकटाच होतो, त्यांच्या टेबलावरच जेवायचो. २००९ मध्ये आमची साइट बंद पडली आणि माझी नोकरी गेली, तेव्हा पुण्यात माझं लग्न महिन्यावर आलं होतं. आत्यांनी आमटी वाढता वाढता विचारलं, "अंजूला सांगितलंस?"

"लग्न झालं की सांगतो."

"मग तोवर ती कुणाशी लग्न करतेय?"

त्यांनी फोन माझ्या ताटाशेजारी आणून ठेवला. अंजू पलीकडून एवढंच म्हणाली, "दुसरी मिळेल. तू ये." दुसऱ्या दिवशी माझं केळवण झालं, पुरणपोळीचं. मी नको म्हणत होतो. "नोकरी गेली म्हणून नवरदेवाला काय पिठलं वाढू?" आत्या म्हणाल्या.

पुढे मला काम मिळालं, अंजू शारजाला आली आणि वर्षभरात आत्यांचा उजवा हात झाली. प्रत्येक केळवणात ओवाळायचं तिनेच. "माझ्या हातून निरांजनातलं तूप सांडतं. हिचा हात कसा स्थिर," असं आत्या येईल त्याला सांगायच्या.

त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत अर्जुन नावाच्या तमिळ मुलाबरोबर राहायचा. आत्या ते लपवत नसत आणि जाहीरही करत नसत. "निखिल कसा आहे?" विचारलं की म्हणायच्या, "दोघं बरे आहेत." ज्याला समजायचं त्याला समजे. २०१५ च्या उन्हाळ्यात तिकडच्या कोर्टाने अशा लग्नांना मान्यता दिली. त्या संध्याकाळी आत्या पेढ्यांचा डबा घेऊन आमच्या ओळखीच्या प्रत्येक दारात गेल्या. "निखिलचं लग्न ठरलं. आता करता येतं," एवढंच सांगत.

आठवड्याने लिफ्टपाशी त्यांनी मला थांबवलं. "मंदार, दोघं ऑगस्टमध्ये तीन दिवस येताहेत. केळवण काही आईबापाने करायचं नसतं. तुझ्याकडे होईल का रे?"

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. इथे असलं काही मोठ्याने बोलत नाहीत, पण चार भिंतींत जेवायला घालायला कोण अडवणार होतं? मला भीती होती ती आमच्या मजल्यावरच्या, माझ्याच ऑफिसातल्या एका माणसाच्या थट्टेची. मी म्हणालो, "माझं काही नाही, आत्या. अंजूला नाही चालणार."

अंजूला मी विचारलंच नव्हतं.

आत्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. मग म्हणाल्या, "असू दे. आणि तिला काही बोलू नकोस हं. ओशाळेल बिचारी."

केळवण शेवटी महादेवने केलं. हा कोकणातला माणूस, रास अल खोरच्या भाजीबाजारात हमाली करायचा आणि आत्यांचा डबा खायचा. "आत्यानू, माज्या खोलीत एकावर एक सा बंक आसत, बसवतलंय खंय? तुमच्याच घरात करूया, पण जेवाण माजा." आत्यांना त्याने स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. वालाचं बिरडं, घावणे, सोलकढी, सगळं त्याच्या हातचं. पडदे ओढून आम्ही पाच घरची माणसं जमलो. ज्याची मला भीती होती तो शेजारीही बायकोला घेऊन आला आणि तीन वाट्या सोलकढी पिऊन गेला.

पानं वाढून झाल्यावर सवयीने अंजू तबक घेऊन पुढे झाली. आत्यांनी ते तिच्या हातातून हलकेच काढून घेतलं. "तू बस गं. तुला अवघडायला नको." त्यांनी स्वतः ओवाळलं. तूप सांडलं. अंजू भिंतीला टेकून उभी राहिली, आणि मी पानाकडे बघत राहिलो.

मग सगळ्यांनी अर्जुनला नाव घ्यायला लावलं. त्याने तळहातावर लिहून आणलं होतं. "डोशाबरोबर चटणी, इडलीबरोबर सांबार, निखिलचं नाव घेतो, आई आता रडणार."

"रडतेय कशाला? महादेवने कांदा चिरलाय," आत्या पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. घर हसलं. अंजूही हसली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "मला का अवघडेल? मी काय केलं?"

"दमल्या असतील," मी म्हणालो.

त्यानंतर आत्या अंजूशी जपून वागू लागल्या. तिच्यासमोर निखिलचा विषय टाळत. अंजूने दोन-तीनदा मला कारण विचारलं, मग विचारणं सोडलं. वर जाणंही कमी केलं. दोन वर्षांनी काकांची नोकरी संपली आणि दोघं भारतात परतली. एअरपोर्टवर आत्यांनी मला जवळ घेतलं. अंजूला नुसता नमस्कार केला.

काका गेल्यापासून आत्या निखिल-अर्जुनकडे असतात. दिवाळीला फोन येतो. माझ्याशी भरभरून बोलतात, आणि ठेवताना हळूच विचारतात, "अंजू बरी आहे ना? राहू दे, तिला नको देऊस फोन." अंजू तेव्हा शेजारीच बसलेली असते.

अंजू नाही म्हणाली नव्हती, हे मला आत्यांना सांगायचं आहे. आणि त्या दिवशी तिच्या हातातलं तबक माझ्यामुळे गेलं, हे अंजूला. दोन्ही अजून सांगायचं राहिलं आहे.