भलत्याच जागचा ढीग

आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ आलापल्लीच्या रस्त्यावर मेला. चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो बैलगाडीतून उतरला, सागाखाली वाकला आणि वरून वाळलेली फांदी पडली. वारा नव्हता. झाड कोणी तोडत नव्हतं. दोष द्यायला कोणी सापडेना, याचाच मला जास्त राग आला. नागपूरला चार बुकं शिकून मी देवाला आधीच रजा दिली होती; त्यामुळे त्याच्यावरही खापर फोडता येईना.

रानात असं अवचित मरण आलं की त्या जागी येणारा-जाणारा एक दगड ठेवतो. भावाचाही ढीग झाला. मला तो खुळेपणा वाटायचा. पुढं रस्ता रुंद करताना मजुरांनी ते दगड फोडून खडी केली. मी म्हटलं, संपलं एकदाचं. पण लोकांनी पुन्हा ढीग घातला, आणि तोही भलत्याच जागी, नाल्यापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली. गाडीवाले तिथं बैल सोडायचे, म्हणून तिथं.

वर्षभरानं आई चामोर्शीहून माझ्याकडे आली. "तो कुठी पडला, मले दाखव," एवढंच तिचं म्हणणं. खरं सांगावं, तर दाखवायला नुसता उघडा रस्ता. खोटं सांगावं, तर ते आईशी, आणि याबाबतीत. खरी जागा आली तेव्हा मी गाडीत गप्प बसून राहिलो.

मोहाखाली उतरलो. टोपली घेतलेली एक गोंड बाई थांबली, तिनं ढिगावर दगड ठेवला. आईनं विचारलं, "कोन मेला इथी, बाई?"

"मालूम नाई. सारे ठेवते, मीबी ठेवतो." ती चालू लागली.

आई माझ्याकडे वळली. "इथीच पडला ना रे?"

माझ्यानं खोटं बोलवेना. "नाई माय. मांगं, नाल्याच्या पल्याड. तिथी आता काईच नाई."

तिनं मागं पाहिलं. आता ही रडेल, नाहीतर मला बोलेल, असं वाटलं.

"तिथी कोनी थांबत नाई," ती म्हणाली. "इथी थांबून राह्यले लोक. इथीच ठेवू."

गुडघ्यांमुळे तिला वाकवत नव्हतं. मी एक दगड शोधून तिच्या हातात दिला.

"अन् तुहा?"

माझा विश्वास नव्हता, आजही नाही. दुसरा दगड आणायला मी नाल्यात उतरलो.