माणसांचा नंबर

"थांबा, ठेवू नका!" फोन उचलला की मामांचं पहिलं वाक्य हेच. पलीकडे कोण आहे, हे नंतर विचारायचं. मग रिसीव्हर घडी घातलेल्या टॉवेलवर अलगद निजवून ते ओट्यावर येत आणि हाक देत, "कमलबाईऽ, दौंडऽ!" शिरूरच्या एसटी स्टँडवर त्यांनी उभी नोकरी गाड्या पुकारण्यात घालवली होती. त्यामुळे कमलबाईंच्या मुलीचा दौंडहून फोन आलाय की दौंडची गाडी लागलीय, हे नव्या माणसाला कळत नसे.

आमच्या गल्लीत तेव्हा फोन फक्त मामांकडे. सगळ्यांनी पाहुण्यांना त्यांचाच नंबर दिलेला. तुमच्याही ओळखीत असं एखादं घर असेल, जिथं चप्पल काढून आत गेलं की घरातली माणसं आपोआप टीव्हीचा आवाज कमी करत.

पुढे मामांच्या मुलीनं कॉम्प्युटर घेतला. पुण्यातल्या एका ऑफिसचं टायपिंग ती घरी करायची आणि इंटरनेटवरून पाठवायची. ते इंटरनेट यायचं त्याच फोनच्या तारेतून. ते चालू असलं की बाहेरून फोन करणाऱ्याला एंगेज लागायचा. एकदा मामांनी मध्येच रिसीव्हर उचलला. आतून किंचाळल्यासारखा, खरखरता आवाज. "थांबा, ठेवू नका!" मामा म्हणाले. लाइन तुटली आणि आतून मुलगी ओरडली.

संध्याकाळी मला म्हणाले, "सर, कोण व्हतं ओ ते? काय म्हणतंय कळंना, पण लई तळमळून बोलत व्हतं."

मी शाळेत शिकवतो, म्हणून त्यांना वाटे की मला सगळं कळतं. मी दोन-तीन वाक्यं सांगितली. ती मलाच पटली नाहीत.

अशात कमलबाईंची मुलगी दौंडला बाळंतपणात अडली. जावई सकाळपासून फोन लावत होता आणि इकडे टायपिंग पुण्याला चाललं होतं. शेवटी त्यानं भावाला एसटीत बसवून पाठवलं. कमलबाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा ऑपरेशन उरकलं होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. पण सही करताना लेकीजवळ माहेरचं कुणीच नव्हतं.

 परत आल्यावर कमलबाई स्वतःच्या फोनसाठी अर्ज देऊन आल्या. त्यांच्या मागोमाग मी, मग समोरचे, मग कोपऱ्यावरचे.

मामांना ते फार लागलं. त्यांनीही दुसऱ्या नंबरचा अर्ज दिला. नवा नंबर मशीनला, जुना माणसांना. दोन्ही फोन शेजारी-शेजारी ठेवून ते खुर्ची टाकून बसले. मशीनचा दिवसभर चालायचा. माणसांचा वाजेना. गल्लीतल्या सगळ्यांचे फोन आता आपापल्या घरी वाजत होते.

"नंबर दोन झालं आन् फोन कमी," ते मला म्हणाले. "असं कसं ओ, सर?"

मी म्हणालो, "आता सगळ्यांकडं आहेत ना, मामा."

"व्हय, पर मी दुसरा त्यांच्यासाठीच घेतला न्हवं?"



पुढे ब्रॉडबँड आलं. एकाच तारेवर बोलणंही आणि इंटरनेटही. मोबाइल तर कमलबाईंच्या कमरेलाही आला. नंबर मिळावा म्हणून धडपडणारे लोक आता होता तोही परत करू लागले. मुलगी मामांना म्हणाली, "दादा, ब्रॉडबँड नव्या नंबरवर बसलंय. जुना बंद करा."

टेलिफोन ऑफिसात मी सोबत गेलो. मामांनी फोन पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला, पण हात काढेनात.

"ह्यो नंबर आता कुणाला द्याल?"

"मिळेल कुणालातरी," क्लार्क म्हणाला.

"त्यास्नी सांगाल का, आमच्या गल्लीतल्या कुणाचा फोन आला तर..." पुढे काय सांगायचं ते त्यांनाच कळेना. क्लार्क हसला. मामाही हसले. 

दोनेक वर्षांनी मामा गेले. झोपेतच. मुलगी पुण्याला राहायला गेली, घराला कुलूप लागलं.

एका दुपारी मोटारसायकलवरून एक अनोळखी माणूस आला आणि कुलपाकडे बघत उभा राहिला. बाह्यवळणावर त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं.

"इथं एसटीतले मामा राहायचे ना?" त्यानं विचारलं. "त्यांचा जुना नंबर मला मिळालाय. दर रविवारी फोन करायचे, 'आमच्या गल्लीतल्या कुणाचा आला का' म्हणून. बरेच रविवार झाले, फोनच न्हाई."

मी सांगितलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग गोंधळून म्हणाला, "खरं तर एकबी फोन आला न्हाई कवा. पण त्यांनी सगळी नावं सांगून ठेवलीत. आता कमलबाईंचा आला तर कुणाला सांगू?"

कमलबाई समोरच्याच ओट्यावर मोबाइलवर नातीशी बोलत होत्या. मी त्यांच्याकडे बोट दाखवणार होतो. का कोण जाणे, हात वर गेलाच नाही.

"मला सांगा," मी म्हणालो आणि त्याला माझा नंबर दिला.