मावशीची यादी

मावशी एकतीस वर्षं प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. इतक्या वर्षांत किती बाळं तिच्या हातांनी पहिल्यांदा पुसली गेली, ते तिला सांगता आलं नसतं. पण त्या बाळांना बघायला येणारे लोक काय काय घेऊन यायचे, ते मात्र तिला तोंडपाठ होतं. विषय निघायचा अवकाश, तिच्या कपाळावर आठ्या चढायच्या.

"दोन दिवसांच्या बाळाला बूट," ती म्हणायची. "कडक तळव्याचे बूट! कुठे निघालंय ते? ऑफिसला?"

मग पाठीवर चौदा बटणं असलेला फ्रॉक. "हा ज्यानं शिवला, त्यानं रडणाऱ्या पोराला कधी कपडे घातलेत का? सातव्या बटणाला पोर निळं पडतं आणि आई पांढरी." मग अत्तरं, पावडरी, नाकात केस जातील अशी लोकरीची टोपडी. लोक एवढ्या हौसेनं आणायचे की त्यांना तोंडावर काही बोलताही यायचं नाही. मावशी हसून "छान आहे हो" म्हणायची आणि औषधांच्या खोलीत जाऊन कपाट जरा जोरात लावायची.

"बाळाला दूध लागतं, ऊब लागते आणि कोरडं फडकं लागतं. बस्स," हे तिचं ठरलेलं वाक्य. "बाकी सगळं लागतं ते आईला. पण तिच्याकडे बघतंय कोण? सगळे आपले पाळण्यात डोकं घालून उभे."

असं असताना तिच्या सख्ख्या भाचीला दिवस गेले. भाची म्हणजे मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी. ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून चौकटीत बसवायची. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालत्या ठेवणारा हा माणूस स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दोन खोल्या, त्यातली एक इतकी अरुंद की कपाट उघडायचं तर पलंगावर चढावं लागे.

मावशीनं ठरवलं, निदान आपल्या घरात तरी हा मूर्खपणा होऊ द्यायचा नाही. सातवा महिना लागताच तिनं एक यादी केली. पुढून बांधायची सुती झबली, सहा. जुन्या धुवट सुती कापडाची फडकी, चाळीस. झाकणाची बादली. साधा थर्मामीटर. आईला पुढून उघडणारे दोन गाऊन. नुसतं गरम केलं की खाता येईल असं जेवण, पहिले पंधरा दिवस, कोणी कुठल्या दिवशी द्यायचं त्यासकट. शेवटच्या ओळीत तिनं लिहिलं होतं: 'ज्यांना यातलं काहीच जमणार नाही, त्यांनी दुपारी दोन तास येऊन बाळ सांभाळावं आणि आईला झोपू द्यावं. बोलत बसू नये.'

यादी तिनं सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर पाठवली. सगळ्यांनी खाली अंगठ्याचं चिन्ह टाकलं. त्यांनी आपल्याला खरोखरच अंगठा दाखवला आहे, हे तिला पुढच्या महिन्यात कळलं.

सुरुवात भाचीच्या मोठ्या दिरांनी केली. त्यांनी कापसाचं अस्वल आणलं. ते दारातून आडवं करून आत घ्यावं लागलं. घरात एकच बरी खुर्ची होती, तिच्यात ते बसलं ते बसलंच. मग दुकानातल्या मैत्रिणींनी पाण्याचा आवाज करणारं यंत्र दिलं. ते ऐकून बाळ झोपतं म्हणे. भाचीला मात्र ते लावलं की सारखं बाथरूमला जावंसं वाटायचं. बुटांचे तीन जोड आले. चौदा बटणांचा फ्रॉकही आला. बटणं यात सोळा होती.

"यादी वाचली नाही का कुणी?" मावशीनं दिरांना फोनवर विचारलं.

"वाचली की! फारच उपयोगी आहे. पण फडकी काय देणार मावशी? बरं दिसत नाही."

"बरं कुणाला दिसत नाही? बाळाला?"

"तसं नाही हो..."

मावशीनं फोन ठेवला. पालथ्या घड्यावर पाणी! फडकी शेवटी तिनंच फाडली, शिवली, दोनदा धुतली आणि एका रविवारी दुपारी पिशवी भरून भाचीकडे घेऊन गेली. दिवस भरायला अजून बारा दिवस होते.

दोघी आतल्या खोलीत फडक्यांच्या घड्या घालत होत्या. जावई खाली गेला होता, कारण सासूबाईंचा, म्हणजे मावशीच्या ताईचा, फोन आला होता की खाली ये, गंमत आहे. थोड्या वेळानं जिन्यातून माणसांचा आरडाओरडा ऐकू यायला लागला. मावशी दार उघडून बाहेर आली आणि तिनं कपाळाला हात लावला.

ताईनं बाळासाठी पलंग आणला होता. कठड्यांचा, भरीव लाकडाचा, चारही खांबांवर कोरीव पक्षी. दोन हमालांनी तो दुसऱ्या मजल्यापर्यंत कसाबसा आणला होता, आणि त्याच्यावरच्या वळणावर तो अडकला होता. एक पाय भिंतीत रुतलेला, दुसरा जिन्याच्या कठड्याच्या गजांत. ना वर, ना खाली.

"ताई, हे काय आहे?"

"गंमत!" पलंगाच्या पलीकडून ताईचा आवाज आला. ताई दिसत नव्हती, नुसती पर्स दिसत होती. "तू तिला सांगू नकोस."

"ती घरातच आहे. आणि हा ठेवणार कुठे? छताला टांगणार?"

"तुझी यादी तुझ्यापाशी ठेव. आजी मी आहे."

"घराचं माप तरी घ्यायचंस!"

"प्रेमाचं माप घेत नाहीत."

यावर मावशी काय बोलली असती कोण जाणे. पण तेवढ्यात आतून भाचीनं हाक मारली. तिच्या आवाजावरूनच मावशीला कळलं. तो आवाज तिनं एकतीस वर्षं ऐकला होता. आत जाऊन बघते तर भाची आपल्या पलंगाची कड धरून उभी आणि पायाशी पाणी.

"मावशी, हे म्हणजे..."

"हो, तेच. घाबरू नकोस. वेळ आहे. चप्पल घाल."

वेळ होता, रस्ता नव्हता. मावशीनं बाहेर येऊन हे सांगितलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. हमाल म्हणाले, वर ढकलू. ताई म्हणाली, खाली ओढा. त्यांनी दोन्ही केलं आणि पलंग आणखी चार बोटं रुतला. जावई भिंतीला टेकून नुसता बघत होता. तोंडाचा रंग उडालेला.

"जावईबापू," मावशीनं वरून हाक मारली. "इकडे बघा. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली आहे आणि आत बाई अडकली आहे. तुम्ही काय करता?"

"आधी आतल्या माणसाशी बोलतो."

"मग?"

"मग दार उघडतो."

"मग बोला आणि उघडा. उभे काय राहिलात?"

माणूस जागा झाला. "ऐकतेस ना गं?" त्यानं वर बघून हाक मारली. "दहा मिनिटं. मी इथेच आहे. दहाच मिनिटं!" मावशीनं त्याची हत्यारांची पिशवी घरातून आणून पलंगावरून पलीकडे दिली. त्यानं खिळे शोधले, स्क्रू शोधले. एकही नव्हता. सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून चिकटवलेले. त्यानं करवत काढली.

"अरे, खबरदार!" ताई ओरडली. "अस्सल लाकूड आहे ते! त्या कारागिरानं दोन महिने घेतलेत!"

"ताई," मावशी म्हणाली, "तुझ्या मुलीनं इथे जिन्यात बाळंत व्हायचं का? तसं सांग. मी फडकी आणते, चाळीस आहेत."

करवत चालली. पक्ष्यांचे दोन खांब पडले, मग एक बाजू पडली, आणि एका माणसाला तिरपं होऊन जाता येईल एवढी वाट झाली. नऊ महिन्यांच्या पोटाला तिरपं होता येत नाही, म्हणून तळाची फळीही कापावी लागली. भाची जावयाच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरली. दुसऱ्या मजल्यावर कळ आली तेव्हा भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. मावशी घड्याळ बघत होती. ताई रडत होती. पलंगासाठी की मुलीसाठी, ते तिचं तिलाच ठाऊक.

हॉस्पिटलला वेळेत पोचले. संध्याकाळी साडेसहाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला दोघी बहिणी भाचीच्या खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. बाळ झोपलं होतं. पाचच मिनिटं बरी गेली.

"पलंगाचं लाकूड जिन्यात तसंच पडलंय," ताई म्हणाली.

"यादी वाचली असतीस तर पडलं नसतं."

"तुझ्या यादीत पलंग नव्हता."

"म्हणूनच तर म्हणते!"

"तुला काय, तुला सगळंच कळतं. एकतीस वर्षं म्हणे. मी दोन पोरं वाढवलीत."

"आणि तरी दीड हाताच्या खोलीत..."

"गप्प बसा," भाची म्हणाली. हळूच म्हणाली, पण दोघी थांबल्या. "दोघीही. नऊ महिने हेच चाललंय. बाळाला हे द्या, बाळाला ते द्या, हे नको, ते उपयोगाचं. मला कुणी विचारलं?"

मावशी गोंधळली. "अगं, मी तर अख्खी यादी..."

"यादी तुझी होती, मावशी. चांगली होती. पण माझी नव्हती."

"मग तुला काय हवं होतं?"

"दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची."

"खुर्ची?" ताईनं विचारलं.

"खुर्ची," भाची म्हणाली. "दिवसभर दुकानात उभी राहून यायचे. दुसऱ्या मजल्यापर्यंत आलं की पाय थरथरायचे, दम लागायचा. पायरीवर बसलं तर उठता यायचं नाही. भिंतीला टेकून उभी राहायचे. आईला सांगितलं तर ती म्हणाली, आम्ही चार मजले चढायचो. तुला सांगितलं तर म्हणालीस, श्वास सोडत चढ. आणि घरातल्या खुर्चीत अस्वल."

मावशीला आठवलं. खरंच म्हणाली होती. एकदा नाही, दोनदा. फोनवर. यादीच्या चौथ्या की पाचव्या ओळीवर होती तेव्हा ती, आणि हातातलं लिहिणं न थांबवता म्हणाली होती, श्वास सोडत चढ. एकतीस वर्षं लोकांना सांगत आली, आईकडे बघा, आईकडे बघा. दिव्याखालीच अंधार!

तिला स्वतःचा इतका राग आला की ती भेटीची वेळ संपायच्या आत निघाली. थेट फर्निचरच्या दुकानात गेली. दुकानदारानं रंग विचारला, गादीचं कापड विचारलं.

"टाके घातलेल्या बाईला हिच्यावरून हातांवर जोर देऊन उठता येईल का, एवढंच सांगा," मावशी म्हणाली.

दुकानदाराला सांगता येईना. मग मावशीनंच दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांवर बसून, उठून पाहिलं. आठवी पसंत पडली. सरळ पाठ, दोन्ही बाजूंना मजबूत हात, बैठक ना फार खोल, ना फार खाली. ती तिनं स्वतः दुसऱ्या मजल्यापर्यंत चढवली. मध्ये तीनदा तिच्यावरच बसली, तेव्हा तिला आणखी थोडं कळलं.

खुर्ची भिंतीशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण होणार नाही अशी ठेवून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पहिल्या मजल्यावरचे आजोबा तिच्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"इथे उजेड छान येतो," ते म्हणाले.

"आजोबा, ही बाळंतिणीसाठी आहे."

"हो का? छान. आली का ती?"

"अजून नाही."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी पान उलटलं.

त्यानंतर तिथे कोण बसलं नाही! आजोबा सकाळी. दुपारी वरच्या मजल्यावरची शिक्षिका, वह्या तपासत. संध्याकाळी दोन बायका, एक खुर्चीत आणि एक तिच्या हातावर. मावशी सगळ्यांना उठवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर खुद्द ताई सापडली. पलंगाचे उरलेले तुकडे न्यायला जिना चढून आली होती. खुर्चीत डोळे मिटून बसली होती, घामाघूम.

"मजबूत आहे गं," ताई डोळे न उघडता म्हणाली. "आमच्या वेळी असती तर बरं झालं असतं."

"चार मजले चढायचीस ना?"

"चढायचे. रडत चढायचे."

मावशी शेजारच्या पायरीवर बसली.

सहाव्या दिवशी भाचीला घरी सोडलं. जावयाच्या दोन्ही हातांत पिशव्या, भाचीच्या कुशीत बाळ, मागे ताई, सगळ्यांत पुढे मावशी. दुसऱ्या मजल्यावर आजोबा होतेच.

"आजोबा, उठा. आली."

आजोबांनी वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी केली, खुर्चीची बैठक हातानं झटकली आणि बाजूला झाले. भाची बसली. बाळ कुरकुरलं, तिनं ते छातीशी घेतलं, डोकं मागे टेकलं. जिना भरला. खालून भाजीची पिशवी घेतलेली शिक्षिका आली, तीही थांबली. वरून कुणीतरी उतरत होतं, तेही थांबलं.

मावशीच्या ओठांवर शब्द आले होते. बाळाचं डोकं किंचित वर हवं होतं, कोपराखाली फडक्याची घडी हवी होती, बाळाच्या अंगावरची चादर काढायला हवी होती. तिनं ते सगळं गिळलं.

"तुला काही हवंय का गं?" तिनं विचारलं.

"काही नको," भाची डोळे मिटून म्हणाली. "पाच मिनिटं कुणी बोलू नका."

कुणी बोललं नाही. ताई सोडून. तिनं दोन मिनिटं कळ काढली.