वज्रक, तमसा आणि केतकीचं लग्न

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न दोन माणसांमुळे मोडायला आलं होतं, आणि त्या दोघांपैकी एकही माणूस कधी जन्माला आलेला नाही.

एक वज्रक, दुसरी तमसा. सात जाडजूड भागांच्या एका अद्भुत कादंबरीमालेतले हे योद्धे. वज्रक भाला चालवतो, तमसा दोन्ही हातांत तलवारी घेऊन लढते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी केतकीच्या कपाटातून पहिला भाग काढला, तो खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून मध्ये ठेवायला! (जाडीच तशी होती.) तीन महिन्यांत सातही भाग संपले आणि मी तमसेचा कट्टर भक्त झालो.

तर, केतकीचं ओंकारशी जमलं. मुलगा गुणी. वडील पंचवटीतले गुरुजी, आई शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या बाई. तिघं आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर बोलणी करायला येणार आणि त्याच दिवशी लग्नाची तारीख ठरणार, असं होतं. केतकीनं सकाळीच मला कोपऱ्यात घेतलं.

"बाबा, राजकारण नको. धरणाचं पाणी नको. तुझं ब्लडप्रेशर तर अजिबातच नको."

"मग बोलू काय?"

"बोलू नकोस. हस नुसता."

मी हसत बसलो. समोर गुरुजीही हसत बसले. (त्यांनाही घरून तशीच तंबी मिळाली असावी.) पाचेक मिनिटं हसून आमचे गाल दुखायला लागले, तेवढ्यात गुरुजींची नजर कपाटाकडे गेली.

"हे सातही भाग कोण वाचतं?"

"मी!"

"मी दोनदा वाचलेत," गुरुजी खुर्चीच्या कडेला सरकत म्हणाले. "एक पूजा आटोपली आणि दुसरे यजमान यायचे असले, की मधल्या वेळात."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! केतकीनं लांबून डोळे मोठे केले, पण मी सुटलोच.

"गुरुजी, समजा, वज्रक आणि तमसा समोरासमोर आले, तर?"

(हे होणं शक्य नाही. वज्रक दुसऱ्या भागात मरतो आणि तमसा चौथ्या भागात जन्मते. पण खऱ्या वाचकाला असल्या गोष्टी आड येत नाहीत.)

"यात समजायचंय काय? वज्रक."

"छे हो! तमसा!"

"साहेब, भाला लांबून लागतो. तुमची तमसा जवळ येईपर्यंत संपलेली असेल."

"ती आत शिरते ना पण! एकदा ती आत शिरली, की भालेवाल्यानं काय दात कोरायचे त्या भाल्यानं?"

"मी काय म्हणते, तारखेचं..." माझी बायको सुलभा म्हणाली.

"एक मिनिट!" आम्ही दोघं एकदम ओरडलो. त्या दिवसातलं हे आमचं एकमेव एकमत.

आवाज चढत गेले. शेवटी विहीणबाई मटारकरंजी चावत म्हणाल्या, "नुसतं तोंडानं काय कळणार? उभे राहा दोघं. मी बघते कोण जिंकतं ते."

गुरुजींनी खरंच धोतर खोचलं! भाला म्हणून त्यांना कोळिष्टकं काढायचा लांब झाडू मिळाला. मी स्वयंपाकघरातून लाटणं आणि झारा आणला.

"सुरू!" विहीणबाई गरजल्या.

गुरुजी झेपावले. काय तो वेग! मी डावीकडे झुकलो, झारा टीपॉयवर आपटला आणि श्रीखंडाचं पातेलं उडालं. ते पडलं नेमकं गुरुजींच्या उघड्या पंचांगावर. लग्नाचे मुहूर्त केशर-वेलचीत बुडाले! तरी सगळे हसत होते. इथवर काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते मी.

"फाउल!" मी ओरडलो. "त्रेसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला एवढं झेपावता येतं होय? म्हाताऱ्यानं गुमान घरी बसावं!"

मी वज्रकाबद्दल बोलत होतो. पुस्तकात त्याचं वय त्रेसष्टच दिलंय. पण गुरुजींनी नुकतीच त्रेसष्टी गाठली होती, हे मला कुठं ठाऊक?

गुरुजींनी झाडू शांतपणे भिंतीला टेकवला. चिकट पंचांग रुमालात गुंडाळलं.

"चला, ओंकार."

विहीणबाई हातातली करंजी संपवून उठल्या.

केतकीनं आदळआपट केली असती तर परवडलं असतं. ती गुडघे टेकून फरशीवरचं श्रीखंड पुसत राहिली आणि मी हातात लाटणं घेऊन तसाच उभा. एवढा मोठा मूर्ख उभ्या नाशकात दुसरा नसेल, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रिक्षा केली. पंचवटीतल्या भाजीबाजारापाशी उतरलो आणि माफीचे शब्द घोकत गल्लीत शिरलो. गुरुजी ओट्यावर बसले होते. मांडीवर दुसरा भाग!

"गुरुजी, चुकलो. म्हातारा मी त्या वज्रकाला म्हटलं, तुम्हाला नाही. आणि तेही चूकच. जिंकेल वज्रकच."

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा निवळला. "नाही साहेब. रागावलो मीही उगाच. आणि आज पहाटे पुन्हा वाचून काढलं. वज्रकाचा उजवा गुडघा अधू आहे. तमसाच जिंकणार."

खरं तर मी तिथंच नमस्कार करून उठायला हवं होतं.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलात!" मी म्हणालो. "वज्रकाची जिद्द बघा!"

"जिद्दीनं गुडघा वाकतो का? हा माझा बघा!"

आणि पुन्हा जुंपली! आता मी वज्रकाकडून, गुरुजी तमसेकडून, आणि लढाई घोड्यावरून की पायी, तेही ठरेना. मध्येच सुलभा आणि केतकी मला शोधत आल्या, आम्हाला पाहून कपाळाला हात लावत विहीणबाईंकडे आत गेल्या. चहा आला, गार झाला. कुणीतरी येऊन काहीतरी विचारून गेलं.

तासाभरानं परत निघालो. रिक्षात केतकी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होती.

"तारीख ठरली," सुलभा म्हणाली. "शेजारच्या गुरुजींनी मुहूर्त काढून दिला."

"अगं, पण मुलीच्या बापाला विचारायची काही पद्धत?"

"विचारलं की! दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, 'चालेल, पण घोड्यासकट की घोड्याशिवाय?'"

"मग?"

"मग काय? म्हटलं, बापाची एवढी हौस आहे, तर घोड्यासकट. सांगून ठेवलाय."